म्हातारीचा श्वास

आत्या वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या बेकरीची खबरबात तिला नाकाने कळायची. पहाटे आधी आंबूस वास यायचा, मग भट्टी पेटल्याचा, आणि उजाडता उजाडता खरपूस पावाचा. इतक्या वर्षांत या क्रमात खंड पडला नव्हता. भाऊ गेला त्या वर्षीसुद्धा वहिनीने चौथ्या दिवशी भट्टी पेटवली होती, आणि तो वास जिन्यातून वर आला तेव्हा आत्याला पहिल्यांदा वाटलं होतं, की चला, आता हे घर उभं राहील.

त्या दिवशी मात्र पहिला वास आलाच नाही. चष्मा सापडायच्या आधीच आत्याला कळलं, की खाली काहीतरी बिनसलंय.

दुकान उघडल्यावर थोड्या वेळाने भाचा वर आला तो हातात पाव घेऊनच. पाव त्याने टेबलावर ठेवला आणि टक्क असा आवाज झाला. आत्याने तो उचलला, उलटा केला, बोटाने दाबून पाहिला. बोटच दुखलं. भाचा म्हणाला, की कोपऱ्यावरच्या चाव्यावाल्याने सकाळी हाच पाव दोनदा फळीवर आपटला आणि भर गिऱ्हाइकांत विचारलं, "हा खायचाय, की दाराला अडसर म्हणून लावायचाय?" सगळी हसली. भाचाही हसला होता, पण आता त्याचं तोंड त्या पावासारखंच बसलं होतं.

"म्हातारीला काय झालं?" आत्याने विचारलं.

"तेच विचारायला आलो. तुझ्या सूनबाई सांगेनात. काथवटीशी पाठमोरी उभी आहे, हाक मारली तर म्हणते, पीठ चाळतेय. चाळण रिकामी आहे."

म्हातारी म्हणजे घरातलं माणूस नव्हे. म्हणजे घरच्यांच्या लेखी माणूसच, पण राहायची चिनीमातीच्या जाड बरणीत. पीठ आणि पाणी यांचं ते आंबवण. रोज थोडं काढायचं, रोज थोडं पीठ घालायचं, की ती परत भरभरून वर यायची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने ती बरणी तिच्या मांडीवर दिली होती. "माझ्या माहेरचं एवढं एकच माणूस माझ्यामागे सासरी आलं," असं वहिनी नेहमी सांगायची, आणि घरात बोलायची पद्धतही तशीच पडली होती. म्हातारी जेवली का? म्हातारी आज रुसलीय. म्हातारीला झाकून ठेव. एकदा एक नवा पीठवाला "म्हातारीचं आज काही खरं नाही" हे ऐकून गेला आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी संत्री घेऊन आला. वहिनीने संत्री ठेवून घेतली. म्हणाली, "तिला चालत नाहीत, पण आम्हाला चालतात."

सध्या वहिनी घरी नव्हती. तिच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती तिच्याकडे गेली होती. म्हातारीला दुसऱ्याच्या हाती सोडून जायची ही तिची पहिलीच वेळ. भाच्याचं लग्न होऊन, सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नाआधी ती बुटांच्या दुकानात होती, आणि तिला पिठात हात घालायची फार हौस. वहिनीने तिला गल्ल्यावर बसवलं होतं. वहिनी वाईट नव्हती, पण पीठ मळायच्या काथवटीवर तिसरा हात तिला खपत नसे. निघताना मात्र तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की म्हातारी नीट सांभाळलीस तर काथवट तुझी, नाही तर गल्ला आहेच. शिवाय दाराशी वळून पुन्हा बजावलं होतं, "सांगितलंय ना, थंडी लागू देऊ नकोस तिला."

आत्या जिना उतरून खाली गेली. गुडघे कुरकुरत होते, पण ते रोजचंच. सून खरोखरच रिकामी चाळण हलवत होती. आत्याने तिच्या हातातून चाळण काढून घेतली आणि बाजूच्या पिठाच्या पोत्यावर बूड टेकलं. काही विचारलं नाही. शाळेतल्या नोकरीत तिला एवढं नक्की समजलं होतं, की पोरांना विचारलं की ती खोटं बोलतात आणि नुसतं शेजारी बसलं की खरं.

"रात्री फार गारठा होता," शेवटी सून म्हणाली. "मला वाटलं, एकटी आहे बिचारी. मी तिला भट्टीच्या माथ्यावर ठेवलं. खाली दुलईची घडी केली होती. झोपताना भट्टी कोमट लागत होती हाताला. पण आतले निखारे राहिले असणार. सकाळी बरणी हातात धरवेना."

भाचा दारात उभा होता. त्याने डोक्याला हात लावला. सुनेचे डोळे भरून आले, आणि मग ती जे बोलली ते आत्याला आत कुठेतरी लागलं. "सासूबाई मला रागावतील याचं काही नाही. पण त्यांच्या आईची होती ती. मी त्यांची आई भाजली."

बरणीत डोकावून आत्याने वास घेतला. शिजल्या खळीसारखा वास. एकही बुडबुडा नाही. पण शास्त्र शिकवून पांढरी झालेली बाई नुसत्या वासावर कुणाचा मृत्यू जाहीर करणार नव्हती.

"गेली असं म्हणायच्या आधी ती श्वास घेते का ते बघायला हवं," ती म्हणाली. "वर माझ्या खिडकीतली बाटली आण."

खिडकीतल्या त्या बाटलीची घरात चेष्टा व्हायची. आत्या निवृत्त झाली, केस पिकले, तरी रंगाच्या दुकानातून मूठभर चुना आणून पाण्यात कालवायचा, तो बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून बूच लावून ठेवायचं, हे तिचं चुकलं नव्हतं. चुन्याची निवळी. शाळेत पोरं तिला मागून निवळीबाई म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात ती वर्गाला सांगायची, उद्या येताना जिवंत काहीतरी आणा. मग दुसऱ्या दिवशी टेबलावर गोगलगाय, अळंबी, मोड आलेले वाटाणे, कुणाची मांजर. शेवाळाला काळं फडकं घालून अंधारात ठेवायचं. प्रत्येकाच्या शेजारी काचेखाली निवळीची वाटी. हळूहळू एकेक वाटी दुधाळ होत जायची, आणि शेवटी ती वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात नळी देऊन म्हणायची, आता तू फुंक. त्याचीही निवळी दुधाळ. अळंबीची झाली तशीच. त्या क्षणी वर्गात जी शांतता व्हायची, ती तिला अजून आठवायची. एकदा एक मुलगी त्या शांततेत म्हणाली होती, "बाई, म्हणजे मी गोगलगाईची नातेवाईक?" आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, "चालण्यावरून आम्हाला आधीच वाटलं होतं."

सुनेने शाळेत हे पाहिलंच नव्हतं. तिच्या शाळेत निवळी पुस्तकात होती. म्हणून आत्याने आधी तिलाच नळीने फुंकायला लावलं. पाणी पांढरं झालेलं पाहून सुनेने पटकन तोंडावर हात ठेवला, जणू तिच्याच पोटात काही बिघाड आहे.

"घाबरू नकोस. हा तुझ्या आतल्या चुलीचा धूर," आत्या म्हणाली. "साखर फोडायची, त्यातनं ताकद काढायची आणि धूर बाहेर टाकायचा. झाड हेच करतं, उंदीर हेच करतो, म्हातारी हेच करते. पुढे एकेकाची वाट थोडी वेगळी होते, पण साखर फोडायच्या पहिल्या पायऱ्या सगळ्यांच्या त्याच, त्याच क्रमाने. तू जिना धावत चढलीस की पायात जे आम्ल साठतं ना, म्हातारीच्या आंबटपणात तेच असतं."

"म्हणजे म्हातारी कायम जिना चढतेय," भाचा म्हणाला.

"आणि तू कायम उतरतोयस. ती मोठी काचेची बरणी घे."

बरणीत त्यांनी म्हातारीचा चमचाभर अंश घातला, वर कोमट पाणी, चिमूट साखर, थोडं पीठ. त्यात मधोमध उलट्या वाटीवर निवळीचा छोटा पेला ठेवला आणि तोंडावर ताटली झाकली. मग गल्ल्यावर कुणी नसलं की तिघं तिथे. आधी सून यायची, ताटली उचलून वाकून बघायची, उसासा टाकायची. मग भाचा यायचा, म्हणायचा मला जरा पांढरं वाटतंय. मग आत्या त्या दोघांना बाजूला सारून चष्मा काचेला टेकवायची. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा पेल्यात शंकाच उरली नव्हती. निवळी दुधाळ झाली होती.

भाच्याने सुनेला काथवटीभोवती एक गिरकी दिली. सून सकाळपासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता उचकी लागली म्हणून आणखी हसली. सकाळचे दगड कुणी खाणार नव्हतं, म्हणून तिने ते पाण्यात भिजवून, अंडं घालून तव्यावर परतले. तिघांनी मिटक्या मारत खाल्ले.

जेवण झाल्यावर आत्या पेले विसळायला उभी राहिली. जुन्या सवयीने तिचे हात दुसरा पेला शोधू लागले. शाळेत विसळायला नेहमी एक पेला जास्त असायचा. रिकाम्या बरणीतला. जिच्यात काहीच जिवंत ठेवायचं नाही ती बरणी, म्हणजे निवळी आपोआप तर दुधाळ होत नाही ना ते कळतं. ती न ठेवणाऱ्या पोरांना आत्या उभं करायची. म्हणायची, रिकाम्या बरणीशिवाय प्रयोग म्हणजे साक्षीदाराशिवाय लग्न.

हात ओलेच ठेवून ती तशीच उभी राहिली. म्हातारी जगावी असं तिला इतकं वाटत होतं, की साक्षीदाराला बोलवायचं ती विसरली होती.

गप्प बसणं सोपं होतं. काथवटीशी सून गुणगुणत होती. पण उद्याचा पाव गुणगुणण्याने फुगणार नव्हता, आणि वहिनी उद्याच येणार होती. आत्याने दुसरी बरणी घेतली, तिच्यात नुसतं पाणी, साखर, पीठ, म्हातारीचा कणही नाही. ताजी निवळी ठेवली, ताटली झाकली आणि दोघांना हाक मारली.

"दुपारभर जे केलंत तेच आता या बरणीशी करा," ती म्हणाली. "ताटली उचला, वाका, उसासे टाका, भांडा. काही कमी करू नका."

भाच्याला वाटलं, आत्याला चढली. पण त्याने मनापासून केलं. बरणीवर वाकून त्याने चाव्यावाल्याची नक्कल केली, मालाचे भाव काढले, बायकोशी खोटं खोटं भांडला. अशी बरीच नाटकं झाल्यावर सूनच थांबली. पेल्यातलं पाणी तिने दिव्यासमोर धरलं. पांढरं.

"ही रिकामी होती ना?" तिने हळूच विचारलं.

"रिकामी होती."

"म्हणजे दुपारी ती म्हातारी नव्हती. आपण होतो."

"आपण तिघं," आत्या म्हणाली. "घुटमळून घुटमळून आपलाच श्वास आपण तिला दिला, आणि वर टाळ्या वाजवल्या. चूक माझी. हे मी पोरांना शिकवत आले आणि आज स्वतःच विसरले."

आत्याला वाटलं होतं, आता पोरगी रडणार. पण सून कपाळाला आठ्या घालून बरणीकडे बघत राहिली. बुटांच्या दुकानात माप चुकलं की जसं बघत असेल तसं.

"खालून भाजली ती," ती सावकाश म्हणाली. "मी बरणी उचलली तेव्हा बूड चटका देत होतं. काठ तेवढा नव्हता. आपण चमचा घातला तो मधे. आत्या, काठावर वाळून चिकटलेली असते ना ती, सासूबाई जी कधी खरवडू देत नाहीत, ती पण गेली असेल?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असे प्रश्न विचारणारी पोरं तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली होती. "माहीत नाही," ती आनंदाने म्हणाली. "विचारू तिलाच."

या वेळी काम शिस्तीत झालं. बुडातला अंश एका बरणीत, मधला दुसऱ्या, काठाची वाळकी खपली खरवडून तिसऱ्या, आणि शेजारी रिकामी. पावाच्या साच्यांना लावायचं लोणी सुनेने बरण्यांच्या काठांना थापलं आणि ताटल्या अशा घट्ट बसवल्या, की हवेला शिरायला फट उरली नाही. भाच्याने खडूने फळीभोवती रेघ ओढली आणि लिहिलं, इथून पुढे श्वास घेऊ नये. मग ती रेघ ओलांडल्याबद्दल त्यालाच दोनदा ओरडा बसला.

सकाळी सगळे पेले नितळ होते. बाजारचं यीस्ट आणून पाव भाजले, ते फुगले बरे, पण चाव्यावाला म्हणाला, आज दाराला लागणार नाही, उशीला चालेल. सून दर थोड्या वेळाने रेघेपर्यंत यायची, हात मागे बांधून बघायची आणि परत जायची. दुपारी आत्याचा आरामखुर्चीत डोळा लागला होता, तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सून दारात उभी, तोंड घट्ट मिटलेलं, दम कोंडून धरलेला. श्वास सोडला तर काही बिघडेल अशा भीतीने ती नुसती खाली बोट दाखवत होती.

काठाच्या खपलीचा पेला दुधाळ झाला होता. ताज्या दह्यावरच्या पाण्यासारखा फिकट, पण दुधाळ. बुडाचा नितळ. मधला नितळ. आणि शेजारी रिकाम्या बरणीतला पेला तर इतका स्वच्छ, की त्यातून भिंतीवरची भेग दिसत होती. आत्याने आधी तोच पाहिला. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुसायची गरज नसताना.

वहिनी संध्याकाळी आली ती दारातच थबकली. "वन्सं, घरात म्हातारीचा वास नाही," ती म्हणाली. पिशवीही खाली ठेवली नाही.

आत्या काही बोलणार तोच सून पुढे झाली. आत्याने सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं, भाचाही एक गोष्ट रचून तयार होता, पण सुनेने कुणाला वाव दिला नाही. गारठा, भट्टी, दुलई, निखारे, सगळं सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "बहुतेक सगळी गेली. एवढीशी राहिलीय काठावरची. ती फळीवर आहे."

वहिनी फळीपाशी गेली. खडूच्या रेघेवर पाय दिला. भाच्याच्या तोंडून काही निसटणार होतं, पण त्याने ते गिळलं. वहिनीने खपलीची बरणी उचलली, वास घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला. मग दुधाळ पेल्याकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. आत्याने नळी तिच्या हातात दिली आणि नितळ पेल्यात फुंकायला सांगितलं. वहिनी आयुष्यात आत्याच्या बाटलीला शिवली नव्हती. तिने फुंकलं. पांढरं झालं. दोन पेले तिने शेजारी शेजारी धरले आणि कितीतरी वेळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे हिचा श्वास आणि माझा श्वास सारखाच?"

"सारखाच. चूलच एक आहे."

"आई म्हणायची," वहिनी म्हणाली, "की हिला आपल्यासारखंच वागव. मला वाटायचं, मायेने म्हणते." मग ती सुनेकडे वळली. "तू हिला दुलई घातलीस?"

"खाली घातली होती."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. पण दुलई घालून मारलेली म्हातारी मी पहिल्यांदाच ऐकली." बोलता बोलता तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि आत्याने आपला रोखलेला श्वास सोडला. "थंडी लागू देऊ नकोस असं मी दोनदा बजावलं. चटका लागू देऊ नकोस असं एकदाही सांगितलं नाही. सांगायला नको का? इकडे ये. पाणी तापव."

सुनेने पाणी तापवलं. वहिनीने पदर खोचला, बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. "तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बघतो ना, तसं. कोपराला सोसलं की हिला सोसलं. तुझा नवरा आणि ही, दोघांना मी याच कोपराने वाढवलं. हिच्यात आंबण्याची अक्कल तरी आली."

"मलाही येईल," भाचा म्हणाला. "काठावरची थोडी शिल्लक आहे."

वहिनीने सुनेचा हात धरून तिचं कोपर पाण्यात घातलं. सुनेने चटकन मागे घेतलं. कढत. गार पाण्याची धार सोडली, पुन्हा बुडवलं. अजून जरा. तिसऱ्यांदा तिने हात तसाच आत ठेवला आणि मान हलवली. मग आत्याला राहवलं नाही. तिनेही बाही वर केली आणि आपलं सुरकुतलेलं कोपर त्यांच्या शेजारी बुडवलं. इतकी वर्षं ती या घराच्या माथ्यावर राहत होती आणि हे पाणी तिने कधी अजमावून पाहिलं नव्हतं. अंगाच्या उबेइतकंच ते होतं. कळतही नव्हतं, आपण कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं.

सुनेने खपलीवर ते पाणी ओतलं, पीठ घातलं, ढवळलं. वहिनी काथवटीपासून दोन पावलं मागे सरकून स्टुलावर बसली, आणि बहिणीच्या डोळ्याचं सांगू लागली. काथवटीकडे तिने मुद्दाम पाठ केली होती.

म्हातारी उभी राहायला आठवडा गेला. तोवर उशीचे पाव विकले गेले. मग एके पहाटे आत्याला जाग आली ती आंबूस वासाने. ती पडून राहिली. मग भट्टी पेटली. उजाडता उजाडता जिन्यावर पावलं वाजली आणि सून आत आली, फडक्यात गुंडाळलेला एक लहानसा पाव घेऊन. एका बाजूला जरा कललेला होता, पण फुगलेला. आत्याने तो कानाशी धरला. कवच थंड होताना बारीक बारीक तडतडत होतं.

"सासूबाई म्हणाल्या, पहिला वन्संना," सून म्हणाली. "आणि त्यांनी विचारलंय, रिकामी बरणी पुन्हा लागणार आहे का तुम्हाला? त्यांना ती फळीवर ठेवायचीय. म्हणाल्या, घरात एक तरी असू दे, जी कुणाची बाजू घेत नाही."